वर्दी उतरल्यावरचं शिक्षण

सैन्यातून निवृत्त होणारा माणूस म्हातारा नसतो. इतर नोकऱ्यांत निवृत्ती साठीच्या आसपास येते. सैनिक मात्र बहुतेकदा तिशीत किंवा चाळिशीतच बाहेर पडतो. मुलं शाळेत असतात, अंगात ताकद असते आणि कामाची वीसेक वर्षं अजून हातात असतात. या वर्षांचं काय करता येतं, हे दाखवणारी एक घटना अमेरिकेत घडली.

१९६५ साल. डॉक्टरांची टंचाई होती. ड्यूक विद्यापीठातले डॉ. यूजीन स्टेड त्यावर उपाय शोधत होते. त्यांची नजर गेली नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांकडे. जखमींची शुश्रूषा हे या माणसांचं रोजचं काम होतं. पण नौदल सोडल्यावर त्या अनुभवाच्या तोडीचं काम त्यांना नागरी रुग्णालयात मिळत नव्हतं. स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६७ मध्ये त्यातले तिघं उत्तीर्ण झाले आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा सहायक, हा नवा पेशाच उभा राहिला. आज तो अनेक देशांत आहे.

त्या तिघांचे हात आधीच तयार होते. अभ्यासानं त्या हातांना शास्त्राची जोड दिली आणि रुग्णालयात उभं राहण्याचा हक्कही. संदेशयंत्रणा सांभाळणारा, शेकडो माणसांची रसद वेळेवर पोचवणारा, इंजिन खोलून पुन्हा जोडणारा, या सगळ्यांची अडचण तीच असते. काम येतं, पण ते येतं हे बाहेरच्या जगाला कळत नाही.

त्याआधी, १९४४ मध्ये, माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा अमेरिकेनं केला होता. लोक त्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. माजी सैनिक आल्यानं शिक्षणाचा दर्जा घसरेल, अशी भीती काही मोठ्या विद्यापीठांच्या प्रमुखांना वाटली. पुढे सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले, आणि शंका घेणारे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनन्ट त्यांचंच कौतुक करू लागले. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, या कायद्याचा पुरेसा लाभ मिळू दिला गेला नाही. हा अन्याय विसरता येत नाही.

वर्गात परतणं अवघड असतं, हे खरंच आहे. गणित विसरलेलं असतं. शेजारच्या बाकावरची मुलं निम्म्या वयाची असतात. सेवेत दिवसाचं वेळापत्रक वरून ठरून येतं, इथे ‘अभ्यासाला बस’ असं कुणीच सांगत नाही. काहींची झोप उडालेली असते. तोफांच्या आवाजानं काहींना कमी ऐकू येतं, आणि ते शेवटच्या बाकावर गप्प बसून राहतात. तुकडी सुटल्यावर येणारा एकटेपणा तर वेगळाच. म्हणून जिथे आधीपासून काही माजी सैनिक शिकत आहेत, अशी संस्था आम्ही आधी सुचवू.

तयारी सेवेत असतानाच सुरू करा. प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण काही विद्यापीठं त्यासाठी श्रेयांक (क्रेडिट) देतात आणि तेवढे विषय कमी होतात. घर चालवायचं असेल तर दूरशिक्षण घ्या, पहिल्या सत्रात एकच विषय घेतला तरी चालेल. आणि शुल्क भरण्याआधी विचारा: माझ्या कोणत्या प्रशिक्षणाला तुम्ही किती श्रेयांक द्याल? उत्तर लेखी मागून घ्या.