पन्नास रुपयांची पट्टी आणि अंडाशयाचा कर्करोग

नाशिककरांना ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर मोजणारं यंत्र, काय ते सांगायला नको. द्राक्षाच्या रसाचे दोन थेंब काचेवर टाकले, उजेडाकडे धरलं, अठरा आली की तोडणी. म्हणून 'अंडाशयाच्या कर्करोगाचीही अशीच पन्नास रुपयांची पट्टी निघाली' ही बातमी इथे चटकन पटते. पण साखर रसात भरपूर असते. ही पट्टी शोधते ते सीए-१२५, या कर्करोगात वाढणारं प्रथिन. ते रक्तात किती, तर चिमूटभरही नाही. शिवाय ग्लुकोमीटरच्या पट्टीवरचं एन्झाइम साखरेच्या एकामागून एक रेणूतून इलेक्ट्रॉन काढत राहतं, त्यातून वीज निघते. या पट्टीवरची, सीए-१२५ला पकडणारी अँटीबॉडी नुसती चिकटून बसते. सरकारी फाइलसारखी! (हशा)

पट्टी छापणं खरंच स्वस्त आहे. लग्नपत्रिकेचीच स्क्रीन प्रिंटिंग: प्लास्टिकवर कार्बनच्या शाईचे दोन इलेक्ट्रोड आणि चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा तिसरा, संदर्भाचा. कामाच्या इलेक्ट्रोडवर ईडीसी-एनएचएस ही जोडणारी रसायनं लावून अँटीबॉडी बांधायची. ईडीसी पाण्यात फार टिकत नाही, द्रावण ताजंच हवं; सकाळचं उरलेलं दुपारी वापरलं की अँटीबॉडी धुण्यात वाहून जाते. उरलेल्या जागा एक टक्का बीएसएने, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाने, अर्धा तास झाकायच्या. मग फेरी-फेरोसायनाइड, म्हणजे इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवघेव करणारं रसायन, घालून विजेचा प्रवाह मोजायचा. सीए-१२५ हे अवजड प्रथिन. ते चिकटलं की वाट अडते, प्रवाह घटतो.

आता माझी तक्रार. वाट कोणीही अडवतं! रक्तात अल्ब्युमिन मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं. बीएसएचं झाकण नीट बसलं नाही तर तेच चिकटतं आणि निरोगी बाई 'पॉझिटिव्ह' निघते. बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात, सुरेख आलेला आलेख सीरममध्ये, म्हणजे खऱ्या रक्तद्रवात, कोसळतो तो इथेच. आणि पन्नास रुपयांत धरलेलं असतं काय? शाई आणि प्लास्टिक. अँटीबॉडी, दोन ते आठ अंशांचा फ्रिज, पेठ-सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यांपर्यंतचा बर्फाचा डबा, ओल शोषणारी पुडी हे कोण धरणार? अँटीबॉडी ट्रेहॅलोज साखरेत वाळवली तर उन्हाळ्यात जास्त टिकते, पण प्रत्येक खेप तपासावी लागतेच. त्या तपासणीचं बिल वेगळं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. ज्याच्यासाठी बोलावलं ते राहिलंच.

धरून चालू, पन्नाशीपुढच्या अडीच हजार बायकांत एक रुग्ण. पट्टी निरोगी बाईला ९९ टक्के वेळा बरोबर ओळखते. तरी २५ जणी उगाच घाबरणार, आणि खात्रीसाठी पोट उघडावं लागतं. सीए-१२५ची मिलिलिटरला ३५ युनिटची धोक्याची रेषा पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), पोटाच्या टीबीतही ओलांडली जाते. टीबी आपल्याकडे किती, तुम्ही जाणता. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांची चाचणी झाली. २०२१चा निकाल असा की रोग थोडा लवकर सापडला, पण मृत्यू घटले नाहीत.

म्हणून सरसकट शिबिरं नकोत. पोट सतत फुगतंय, दोन घासांत भरतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, अशी बाई आली तर पट्टी लावा, सोबत सोनोग्राफी. उपचार झालेलीच्या पाठपुराव्याला लावा. बीआरसीए या जनुकातला, कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष असलेल्या घरात प्रत्येक बाईचा स्वतःचाच सीए-१२५चा आकडा दर खेपेला चढतोय का ते बघा. शेजारच्या इलेक्ट्रोडवर एचई-४, म्हणजे याच कर्करोगात वाढणारं दुसरं प्रथिन, मोजायची सोय ठेवा. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते सहसा वाढत नाही. मूत्रपिंड बिघडलं की मात्र तेही वाढतं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी… आता चिठ्ठी नाही, आयोजक स्वतःच स्टेजवर आलेत.