पाच पूर्णांक तीन अष्टमांश

[दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळची वेळ, शेजारच्या शेडमधून लेथचा आवाज. मागचं एक चाक जॅकवर उचललेली जुनी जीप.]

ही सीजे-थ्रीबी. बॉनेट एवढं उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन उंच म्हणून. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह माथ्यावर गेले, जुन्या बॉनेटखाली ते मावेना, तेव्हा विलीज या मूळ अमेरिकन कंपनीने 1953 साली बॉनेटच वर उचललं. दिसायला जरा बेढबच. पण महिंद्राने परवान्यावर हीच गाडी पुढे कितीतरी वर्षं बनवली, आणि आपल्याकडे जीप म्हटलं की हाच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

हरिकेन आता थकलंय. धूर काढतं, आणि पेट्रोल पितं ते वेगळंच. मालकांनी प्युजोचं डिझेल इंजिन मिळवलंय, शेडच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर ठेवलंय. एक्सडीपी 4.90. चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणून हे नाव. 2112 सीसी. येणारा-जाणारा त्याच्यापाशीच थांबतो. मिस्त्री मात्र जीपच्या मागे, पोतं अंथरून आडवे झालेत.

“सायेब, इंजान कुठलंबी बसतंय. मागं काय हाय ते आधी बघू द्या.”

[दृश्य: जवळून. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ, टायरवर खडूची फुली.]

एक चाक जमिनीवर, एक हवेत. अशा वेळी हवेतलं चाक दोन फेरे फिरतं तेव्हा एक्सलच्या आतला क्राऊन, म्हणजे चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक, एकच फेरा घेतो. म्हणून मिस्त्री चाक दोनदा पूर्ण फिरवतात आणि पोऱ्या शाफ्टवरची रेघ मोजतो. एक, दोन, तीन, चार, पाच… आणि वर थोडं. सव्वापाचाच्या किंचित पुढे. क्राऊनला 43 दात, त्याला फिरवणाऱ्या, शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या पिनियनला 8. म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे पाच पूर्णांक तीन अष्टमांश. कागदोपत्री 5.38.

हा आकडा उगाच आलेला नाही. जीप रस्त्यावर पळण्यापेक्षा शेतात ओढण्यासाठी घडवलेली. लो गिअर आणि पहिला गिअर टाकला, की इंजिनाच्या 37 फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. ट्रॉली ओढा, चिखल तुडवा, तक्रार नाही.

पण मालकांना कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचंय. ताशी 80 नाही, निदान 65-70 तरी. आता हिशेब बघा. 6.00-16 चा टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातो. ताशी 80 च्या वेगाला चाकाचे मिनिटाला सहाशे फेरे, गिअरबॉक्सचा तिसरा गिअर थेट (इंजिनाचा एक फेरा तो शाफ्टचा एक), म्हणजे 5.38 वर इंजिन मिनिटाला 3,250 च्या वर. पेट्रोल हे सोसतं. हे जुनं डिझेलही सोसेल, पण आत बसलेल्या माणसाचं काय? तासाभरात कानात दडे बसतात आणि दात वाजतात ते निराळेच.

मग आकडा किती हवा?

4.88 घेतला, 39 ला 8, तर इंजिन 2,950 वर येतं. खर्च तेवढाच आणि फरक जेमतेम. 3.73 घेतला तर 2,250. ऐकायला फार गोड. पण भरल्या गाडीने आंबा घाट चढायचा तर तिसरा गिअर विसरा, दुसऱ्यातही दमछाक. शिवाय या डॅना 44 एक्सलची एक गंमत आहे. 3.73 चा क्राऊन ज्या केरिअरवर बसतो, तो वेगळा. म्हणजे दातांबरोबर आतला गाडाही बदलायचा. मधला 4.27 मात्र, 47 ला 11, जुन्याच केरिअरवर बसतो. ताशी 80 ला 2,600 च्या आत. लो गिअरचं ओढणं 37 वरून 29 वर येतं. या गाडीने आता नांगर ओढायचा नाहीये, तेव्हा ते चालेल. माझं मत विचाराल तर डिझेल थ्रीबीला 4.27 च.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सलच टाका की. जिप्सीचं चाक बसतं ना जीपला? बसतं. दोघींचेही पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळावर आहेत. पण चाक बसलं म्हणजे एक्सल बसला असं नाही. जीपच्या मागच्या एक्सलचा गोळा (क्राऊन-पिनियनचा फुगीर डबा) मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्स्फर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या डब्यातून) शाफ्टच उजवीकडून निघतो. गोळा मधोमध असलेला एक्सल टाकला तर शाफ्ट तिरका. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अवघं 80 इंच, म्हणून शाफ्ट आखूड, आणि आखूड शाफ्टला कोन सहन होत नाही. क्रॉस (शाफ्टचा सांधा) खात सुटतो. पाट्यांच्या बैठका तोडून नव्याने वेल्डिंग करणं आलंच. होत नाही असं नाही, झालेल्या गाड्या मी पाहिल्यात. पण त्यांच्यात शाफ्टचा थरथराट नसलेली एकच पाहिली.

आणि पुढचा एक्सल? तिथेही 4.27 च पाहिजे. माझ्या ओळखीच्या एकाने पैसे वाचवायला फक्त मागचा बदलला. डांबरावर फोर-बाय-फोर टाकलं आणि पुढची चाकं एका चालीने, मागची दुसऱ्या. गाडी जागेवर आखडली. लिव्हर सुटेना. शेवटी जॅक लावून चाक उचललं, तेव्हा ‘खट्’ करून सुटलं.

[दृश्य: क्राऊनच्या दातांवर ब्रशने निळा रंग.]

आता खरं काम. पिनियनमागे किती जाडीची शिम, म्हणजे पातळ चकती, घालायची, हे डोळ्यांनी कळत नाही. दातांना निळा लावायचा, हाताने फिरवायचं, ठसा बघायचा. ठसा दाताच्या टोकाशी उमटला, उघडा. बुडाशी उमटला, पुन्हा उघडा. क्राऊन-पिनियनमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी फट, इंचाच्या हजार भागांतले 5 ते 9, बस. मिस्त्रींनी चार वेळा उघडलं. पाचव्यांदा ठसा दाताच्या मधोमध आला, तेव्हा कुठे चहा सांगितला.

चहानंतर हब. थ्रीबीचा हाफ शाफ्ट (एक्सलच्या आतून चाकाकडे जाणारा) टोकाला टेपर, म्हणजे निमुळता, त्यावर चाक धरणारा हब, आणि मध्ये बोटाएवढी चावी. चावीचा खाचा पसरलेला असेल तर डिझेलचा जोर तिथेच फुटतो. डाव्या शाफ्टचा खाचा पसरला होता. तो शाफ्ट गेला भंगारात. आणि ड्रम अवघे 9 इंचांचे. वेग वाढवला तर ब्रेकही वाढवा, हे मालकांना दोनदा सांगावं लागलं.

[दृश्य: गगनबावडा, करूळ घाट. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये जीप.]

उतारावर पाय ब्रेकवर नाही. इंजिनच गाडी धरतंय, पूर्वीइतकं घट्ट नाही, पण धरतंय. सपाटीला मालक तिसरा टाकतात आणि स्पीडोमीटरकडे बघून हिरमुसतात. काटा 40 वर. स्पीडोमीटरची केबल निघते ट्रान्स्फर केसमधून. मागे दात बदलले, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

मिस्त्री खिशातून खडू काढतात आणि डॅशबोर्डवर लिहितात : 40 म्हणजे 50.