बारा वर्षांच्या यंत्रात नवी डिस्क

[दृश्य: टीव्हीखालचा काळा कन्सोल. बोट बटणाकडे जातं.]

आधी पंख्याची घरघर. मग मैफलीआधी वाद्यं जुळवतात तसा लांबलेला सूर. प्लेस्टेशन ३ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल ज्यांच्या घरात होता त्यांना हा सूर झोपेतही ओळखू येईल.

हा कन्सोल जपानमध्ये विक्रीला आला नोव्हेंबर २००६ मध्ये. आज त्यात टाकतोय ती डिस्क सप्टेंबर २०१८ ची. मध्ये बारा वर्षं गेली. प्लेस्टेशन ४ येऊन पाच वर्षं होत आली होती आणि जपानमध्ये प्लेस्टेशन ३ बनवणं २०१७ मध्येच थांबलं होतं. तरी ही डिस्क निघाली, कारण जुना कन्सोल असलेली गिऱ्हाइकं जगभर होती.

फुटबॉलच्या या गेमचं नाव फिफा १९, आणि पुढे दोन शब्द: लेगसी एडिशन. लेगसी म्हणजे वारसा. ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात घर जुनंच, दारावरची पाटी तेवढी बदललेली. आदल्या वर्षी, फिफा १८ च्या वेळी, गेम बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्सने हे मोकळेपणाने सांगूनही टाकलं होतं: जुन्या कन्सोलवर खेळ फिफा १७ चाच राहील, नवे असतील ते जर्सी आणि संघ. १९ त्याच वाटेने आला.

[दृश्य: संघनिवड. कर्सर इटलीच्या युव्हेंटस क्लबवर थांबतो.]

मग पैसे कशाचे? या माणसाचे. जुलै २०१८ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो रिआल माद्रिद सोडून युव्हेंटसला गेला. फिफा १८ मध्ये तो पांढऱ्या जर्सीत होता, इथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आहे.

फ्री किक मिळाली. चार पावलं मागे, पाय फाकवून उभा, नजर गोलवर. तीच ढब. चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून वळतो तो वर्षानुवर्षं वळतोय तसाच. बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं हे सुखाचंच वाटतं. अकराव्या मिनिटाला कळतं की हा गोल आपण आधीही मारलाय.

नव्या कन्सोलवर त्याच वर्षी बरंच काही होतं. नेमक्या क्षणी दुसऱ्यांदा बटण दाबून फटका साधायची युक्ती, युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग स्पर्धा, अॅलेक्स हंटर या तरुण खेळाडूच्या गोष्टीचा शेवटचा भाग. यातलं इथे काहीच नाही.

जुन्या यंत्राला हे झेपलं नसतं, असं सहज म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. प्लेस्टेशन ३ ची मेमरी ५१२ एमबी, तीही दोन भागांत वाटलेली. प्लेस्टेशन ४ ची ८ जीबी. फरक दांडगा आहे. पण फिफा १७ पासून नव्या कन्सोलवर जे फ्रॉस्टबाइट इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, आलं, त्याच इंजिनवरचा बॅटलफिल्ड ४ हा गेम २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर चालला होता. धापा टाकत का होईना, चालला. म्हणून माझं मत असं की प्रश्न ताकदीचा होता त्याहून जास्त हिशेबाचा होता. घटत्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा खर्च कोण करणार?

[दृश्य: जुन्या डिस्कची चळत.]

निकाल सांगतो. फिफा १७ किंवा १८ घरात असेल तर ही डिस्क घेऊ नका. क्लब बदललेले खेळाडू नव्या संघात स्वतः हलवता येतात, गेममध्ये तशी सोय आहे. कन्सोल आहे आणि फुटबॉलचा एकही गेम नाही? मग जुन्या डिस्कच्या दुकानात स्वस्तात मिळाली तर डोळे मिटून घ्या. कारण खालचा खेळ चांगलाच आहे. पासला वजन आहे, धक्काबुक्कीत खेळाडू खरोखर अडखळतात. एकच संघ किंवा खेळाडू घेऊन हंगामामागून हंगाम खेळायच्या करिअर मोडमध्ये एक पावसाळा सहज निघेल.

मुंबई सिटी किंवा एफसी गोवा मात्र शोधू नका. इंडियन सुपर लीग या मालिकेत आली ती फिफा २२ मध्ये, आणि तोवर प्लेस्टेशन ३ ची गाडी सुटली होती. फिफा १९ हाच या कन्सोलवरचा शेवटचा.

[दृश्य: दुसरा कंट्रोलर जोडला जातो. चार लाल दिवे लुकलुकतात, एक स्थिरावतो.]

पाहुण्याला युव्हेंटस हवाय. देऊन टाका. फ्री किकला चेंडू कुठून वळणार, हे आपल्याला पाठ आहे.