आठ हजार बोंडं आणि एक नख

(दृश्य : पहाट. वेशीजवळ उभा टेम्पो, बायका चढताहेत.)

निवेदन :
मानवत तालुका, जिल्हा परभणी. मार्गशीर्षातली थंडी. साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, हातात डबा. दुसऱ्या वेचणीचा कापूस फुटलाय, गावात मजूर पुरत नाहीत, म्हणून शेजारच्या गावातून टेम्पो भरून बायका आणायच्या. बसायला जागा नसते. फाळक्याला, म्हणजे टेम्पोच्या मागच्या पडत्या दाराला, धरून उभं राहायचं. आणि फाळका लावणारा घाईत असतो.

(दृश्य : उजव्या हाताचं मधलं बोट, अगदी जवळून. नख निम्मं काळं-जांभळं.)

हे बोट त्या फाळक्यात चेंगरलं. पण त्याच्याकडे वळण्याआधी या बोटाचं काम बघून घ्या.

उमललेल्या बोंडात कापसाच्या चार-पाच पाकळ्या असतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकदम आत जातं, चिमूट बसते, मनगटाला हलका झटका, आणि कापूस ओटीत. बोंडाचं टरफल वाळून कडक झालेलं, त्याची टोकं नखाच्या कडेला खुपत राहतात. कापसाला काडीकचरा लागला तर भाव पडतो, म्हणून ओरबाडून चालत नाही. एका बोंडातून साधारण ४ ते ५ ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे किलोला दोनशेच्या वर बोंडं. दिवसाला ४० किलो वेचणारीची बोटं आठ हजार बोंडांत जाऊन येतात. मजुरी किलोवर मिळते, वजनकाट्यावर बोटाची चौकशी होत नाही.

(बाईट, मजूर ताई : “दिवसा कळत न्हाई ओ. रात्री ठणका लागतो. हात खाली सोडला की जीव जातो नुसता.”)

(दृश्य : ओसरी. आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, स्टीलचा तांब्या, साबणाची वडी.)

निवेदन :
बोट चेंगरलं तेव्हा मजूर ताईंनी हाताशी होता तोच कापूस वर दाबला आणि पदराची चिंधी गुंडाळली. रक्त थांबलं. पण तो कापूस रानातला, धुळीचा, फवारणी झालेला. त्याचे तंतू जखमेत रुतून वाळले. जगाला मलमपट्टीचा कापूस पुरवणाऱ्या शिवारात हे घडतं, यावर काय बोलावं!

आशाताई चिंधी ओढत नाहीत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बोट बुडवून ठेवतात. बघा, तंतू एकेक करून सुटताहेत. जो सुटत नाही त्याला पुन्हा पाणी. मग साबणाचा फेस आणि वरून धार. डेटॉल नुसतं ओतायची गरज नाही. हळद-चुना तर नकोच, नखाखालच्या उघड्या, कोवळ्या जिव्हाळीला चुना भाजतो.

नख मुळाशी घट्ट आहे, शेंड्याकडं उचललंय. असं नख उपटायचं नसतं. खालची जिव्हाळी झाकायला त्याच्याइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. लुगड्यात, केसात अडकणारी तेवढीच कड नेलकटरनं काढायची. वर व्हॅसलीनचा पातळ थर, म्हणजे पट्टी चिकटत नाही आणि उद्या सोडताना खपली निघत नाही. मग गॉजची घडी आणि कागदी चिकटपट्टी. आवळून नाही. बोटाचं टोक पांढरं-निळं पडलं किंवा बधिर झालं, तर पट्टी घट्ट झाली समजायचं. रोज बदलायची, आणि ओली झाली की लगेच. रात्री हात छातीच्या वर राहील अशी वाकळेची घडी खाली घ्यायची. ठणका कमी होतो.

(दृश्य : आशाताई जुन्या हातमोज्याचं एक बोट कात्रीनं कापताहेत.)

“हातमोजे घालून वेचा” असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा मोजे घालून बोंडातून कापूस काढून दाखवावा. चिमूटच बसत नाही. म्हणून हा उपाय : मोज्याचं एकच बोट, पट्टीवरून. बाकीची बोटं मोकळी. जेवणाच्या सुट्टीत ते काढून ठेवायचं, नाहीतर आत घाम धरतो.

नखाखालचं काळं म्हणजे साकळलेलं रक्त. पहिल्या एक-दोन दिवसांत ठणका सोसवत नसेल तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून त्याला वाट करून देतात, आणि तिथल्या तिथं आराम पडतो. नंतर रक्त गोठतं, मग त्या भोकाचा उपयोग नाही. घरी सुई तापवून हा प्रयोग करू नये. बोटाचं पेर वाकत किंवा सरळ होत नसेल, तर आधी एक्स-रे.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. लोक अजून टीटीच म्हणतात, आता मिळतं ते टीडी, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवरचं. मातीत, गंजक्या पत्र्यावर झालेल्या जखमेला मागचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर नवा घ्यावा लागतो. ताईंना शेवटचं इंजेक्शन आठवतं ते धाकट्याच्या वेळचं. तो आता दहावीला आहे.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी.)

सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. तिथं जायला मात्र दिवस मोडतो. बोट लाल होऊन सुजलं, पू धरला, नखुरडं झालं आणि तरी अंगावर काढलं, तर संसर्ग हाडापर्यंत जातो, बोटही जाऊ शकतं. मधुमेह असेल तर लवकरच. टेम्पोवाल्याशी बोललो. फाळक्याची कडी सैल आहे, करून घेतो म्हणाला. भरपाईचा विषय निघाला नाही.

(दृश्य : फेब्रुवारी. पऱ्हाटी उपटलेलं रान, बाजूला हरभरा.)

निवेदन :
हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं. कातडीखाली, मुळाशी ते तयार होतं, आणि ताईंची ती जागा शाबूत राहिली. काळं नख कडेकडेनं सुटत गेलं, कापत गेलं. आता नवं नख निम्म्यावर आलंय, मधोमध एक आडवा उंचवटा घेऊन. शेंड्याला पोहोचायला उन्हाळा लागेल.

पुढची निम्मी जागा अजून कोवळी आहे, आणि हरभऱ्याच्या झाडाला आंब असते. धडधाकट बोटालाही ती चरचरते. म्हणून ताई डाव्या हातानं उपटतात, उजव्यानं ढीग लावतात. दुपारी हात धुऊन त्या बोटाला खोबरेल लावतात.

(बाईट, मजूर ताई : “डाव्या हातानं कमी उरकतं. पण हितं रोजानं हाय, किलोवर न्हाई. चालतंय.”)