पारा सांडला की केरसुणी नको

मंडळी, आपल्या इंदूरला स्वच्छतेचं वेड आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पारा सांडला, की तीच सवय घात करते.

आम्ही तेव्हा रामबागेत राहायचो. मुलगी तापाने फणफणलेली. झटकताना थर्मामीटर माझ्या हातून निसटला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीच्या पायात काच जाईल," आणि त्यांनी केरसुणी फिरवली. एका थेंबाचे पन्नास झाले, शहाबादी फरशीच्या सांध्यांत शिरले. रात्री टॉर्च जमिनीलगत आडवा धरला, तर पोरीच्या कॉटखाली सगळीकडे चमचमत होतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, तरी त्यांना थांबवायचं सुचलं नाही. ती चुटपुट अजून आहे.

पारा नुसता पडून असला तरी त्याची वाफ होत राहते. तिला रंग नाही, वास नाही. जितके थेंब बारीक, तितकी वाफ जास्त. श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. उलट गिळलेला पारा बहुतेक सगळा शौचावाटे जातो. पोराने थर्मामीटर चावला तर आधी तोंडातली काच बघा आणि डॉक्टरांना विचारा.

सांडला, की मुलांना बाहेर काढा. पंखा बंद, खिडक्या उघड्या, आतलं दार लावलेलं. हातातल्या पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा. पारा सोन्याला धरतो, सोनं पांढरं पडतं. हातमोजे घाला, काच जाड कागदात गुंडाळा. मग पत्त्यांची दोन पानं घ्या आणि थेंब हळूहळू एकमेकांकडे ढकला. थेंबाला थेंब भेटला की एक होतो. तो औषधाच्या ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत सोडा. उरलेले कण चिकटपट्टीला लागतात. मोरीत मात्र ओतू नका. पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो तो, पाइपच्या बाकात बसून राहतो. व्हॅक्यूम क्लीनर नको. पारा लागलेले कपडेही मशीनला लावू नका.

सीएफएल दिव्यामध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो. फुटला तर दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग ओल्या कागदाने टिपा.

आता कोठीकडे वळते, कारण थर्मामीटर कधीतरी फुटतो, कोठी रोज उघडते. वर्षाचा गहू भरताना आपल्यापैकी किती जणी पाऱ्याच्या टिकड्या टाकतात! ज्या वाफेने किडीची अंडी मरतात, तीच झाकण काढल्यावर आपल्या तोंडावर येते. काकू, तुमच्या आईने गव्हाला कडक ऊन दाखवलं असेल, एरंडेल चोळलं असेल, कडुनिंबाचा पाला घातला असेल. तेच करा. टिकड्या वेचून बाहेर काढा.

हे सगळं द्यायचं कुठे? फुटलेला थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात मोडतो, आणि आपल्या कचरागाडीला त्याचा वेगळा कप्पा आहे. बाटली, पत्ते, मोजे, चिकटपट्टी एका पिशवीत बांधा. वर ठळक अक्षरांत 'पारा' लिहा; हिंदीतही शब्द तोच. आणि गाडीवरच्या भाऊंच्या हातात देताना तोंडानेही सांगा. पुढे ती पिशवी तेच हाताळणार आहेत.