सिरॅमाइड, साबण आणि आमचे सासरे

मंडळी, पत्रिकेवर ‘सिरॅमाइड आणि त्वचेचं आरोग्य’ असं छापलंय. मी सुचवलेला विषय होता ‘साबण कमी लावा’. त्या नावाला पुण्यात माणसं यायची नाहीत, असं संयोजकांचं म्हणणं पडलं. आलीच असती, पण भांडायला!

तर कातडीचा सगळ्यात वरचा थर. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी, पण आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवायचं काम त्याचं. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी 1980च्या दशकात त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि मधला गारा स्निग्ध पदार्थांचा. या गाऱ्यात वजनानं साधारण निम्मं सिरॅमाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल, उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड. हो, कोलेस्टेरॉल तेच, रिपोर्टमध्ये वाढलं की आपण साजूक तूप बंद करतो ते. इथं मात्र ते हवंच.

आता आमचे सासरे. पेठेतला वाडा सोडून सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा बंब तिकडेच राहिला, पण कढत पाण्याची सवय सोबत आली. गीझर शेवटच्या आकड्यावर. आधी साबण, मग वाळक्या घोसाळ्याच्या जाळीनं खसाखसा घासणं, मग ‘मळ सुटलाय’ म्हणून पुन्हा साबण. अंग चरचरलं की आंघोळ झाली! मार्गशीर्ष लागला की नडग्या उलायच्या, पांढरे खवले सुटायचे, विजारीच्या आत पीठ सांडल्यासारखं. दोष कुणाचा? सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा. त्यावर त्यांनी सेक्रेटरींना पत्रंही लिहिली, पोच घेऊन. (हसताय, म्हणजे तुमच्याही सोसायटीत आहेत.) जड पाण्यानं त्रास वाढतो, हे खरं. पण जाळीबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी सिरॅमाइडचं क्रीम दिलं. सासऱ्यांनी ते इमानानं लावलं. अर्ध्या तासानं ‘चिकट वाटतंय’ म्हणून साबणानं धुऊन टाकलं, आणि आठवड्यानं निकाल दिला, ‘पैसे पाण्यात.’ शब्दशः खरं होतं ते!

साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, नऊ-दहाच्या घरात, कातडीचा पाचाच्या आसपास. साबण मळाबरोबर हा गाराही थोडा थोडा काढून नेतो. कढत पाणी त्याला मदत करतं. वर पुण्याची थंडी कोरडी. वय वाढलं की कातडीतलं सिरॅमाइड तसंही कमी होतं. एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजण्याचा विकार, असलेल्यांत ते मुळातच कमी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी आपण आलात, तो भाग आता सुरू होतोय!

भरभर सांगतो. 1993 सालचा उंदरांवरचा एक प्रयोग आहे. ॲसिटोननं कातडीवरची स्निग्धता पुसली आणि वरून नुसतं सिरॅमाइड लावलं, तर भिंत भरून यायला उलट उशीर लागला. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड तिन्ही एकत्र लावली, तेव्हा ती नेहमीसारखी भरून आली. म्हणून डबीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, मागची यादी वाचा. सिरॅमाइड एनपी, एपी, ईओपी अशी नावं दिसतील. प्रमाण थोडंच असतं, त्यामुळे नाव खाली आलं म्हणून डबी परत करू नका. सोबत कोलेस्टेरॉल दिसलं तर उत्तम. नायसिनामाइड (‘ब-3’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असेल तर तेही चांगलं, त्यानं कातडी स्वतःच जास्त सिरॅमाइड बनवते. सिरॅमाइडच्या फेसवॉशवर जास्तीचे पैसे घालू नका, त्यातलं बरंचसं मुठेला मिळतं.

आंघोळ कोमट आणि आटोपशीर. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच क्रीम लावायचं. दोन-चार आठवडे धीर धरा.

काय म्हणालात काकू? खोबरेल? चालेल की. त्यात सिरॅमाइड नसतं, पण पाणी उडून जाणं कमी होतं. क्रीम आधी, तेल वरून. मात्र कातडी चिघळली असेल किंवा खाजेनं झोप मोडत असेल, तर मेडिकलवाल्याला विचारून स्टिरॉइडची ट्यूब आणू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बाकीचे प्रश्न बाहेर चहापाशी, इथले पंखे बंद करायला सुरुवात झालीये.