अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ

निवृत्तीला दोन-चार वर्षं उरलेली मंडळी आज समोर बसली आहेत, म्हणून मी धोंडो केशव कर्व्यांविषयीच बोलायचं ठरवलं. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८व्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात. अण्णा कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा आणि महिला विद्यापीठ त्यांनी काढलं जून १९१६ मध्ये. वय मोजून पाहा.

फर्ग्युसन कॉलेजात ते १८९१ साली गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९१४ साली निवृत्त झाले. आपली समजूत अशी असते की पेन्शन लागली, हात मोकळे झाले आणि मग त्यांनी समाजकार्य हाती घेतलं. तसं मुळीच नाही. विधवांसाठीचा आश्रम त्यांनी १८९६ साली काढला, म्हणजे निवृत्तीच्या अठरा वर्षं आधी. १९०० साली तो हिंगण्याला झोपडीत गेला. दिवसभर पुण्यात गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत पायी हिंगणं गाठून तिथल्या मुलींना शिकवायचं, असा तो काळ होता. १९०७ साली महिला विद्यालय निघालं. संस्था चालवायची कशी, माणसं जोडायची कशी, पैशाचा हिशेब कसा ठेवायचा, हे सगळं त्यांनी नोकरी करता करता शिकून घेतलं. म्हणून ‘रिटायर झाल्यावर बघू’ असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते. निवृत्तीनंतर वेळ मिळतो, पण कामाची सवय त्या दिवशी आयती मिळत नाही.

आता १९१५ सालाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरणार होती आणि अध्यक्ष म्हणून अण्णांची निवड झाली होती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आलेली होती. भाषणाची तयारी करताना ती त्यांना उपयोगी पडली आणि आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं, हा विचार त्यांनी परिषदेपुढे मांडला. पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू झालं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय. सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे या पदवीचा उपयोग काय, असं विचारणारे पुष्कळ होते आणि त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. कायद्याने मान्यता मिळायला देश स्वतंत्र व्हावा लागला. पहिल्या विद्यार्थिनी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पैसा कुठून आला? मागून. नामवंत कॉलेजचा निवृत्त प्राध्यापक गावोगाव फिरून वर्गणी मागत होता, आणि लहानातली लहान रक्कमही आदराने घेत होता. माझ्या पाहण्यात निवृत्त माणसं अडतात ती इथेच. ‘मी अमुक खात्यात अमुक पदावर होतो’ हे वाक्य सुटता सुटत नाही, आणि नव्या कामात तर आपण सगळ्यांत नवखे असतो. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव विद्यापीठाला लागलं आणि ते एस. एन. डी. टी. झालं. पण ठाकरसी आले तेव्हा विद्यापीठ चालू होतं, हे विसरू नका.

एक गोष्ट अशा व्याख्यानांत सहसा सांगत नाहीत, ती मी सांगणार आहे. अण्णांचं पैशाकडे लक्ष संस्थेपुरतं. घरखर्चाची ओढाताण सोसली ती त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी, ज्यांना सगळे ‘बाया’ म्हणत. त्या स्वतः विधवा होत्या, १८९३ साली त्यांचा अण्णांशी पुनर्विवाह झाला. आश्रमासाठी त्यांनीही कष्ट उपसले, पण त्यांच्या वाट्याला अण्णांइतके सत्कार आले नाहीत. तुमच्या दुसऱ्या डावाचा खर्च घरातलं कोण उचलणार आहे, हे आधी घरी बसून बोला. पेन्शन दोघांची असते.

अण्णा पुढेही थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान, मग आफ्रिका असे दौरे केले. १९३६ साली, ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शिक्षण पोचवण्यासाठी नवी संस्था काढली. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ. १९५८ साली भारतरत्न मिळालं तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

तुम्ही विद्यापीठ काढा असं मी म्हणत नाही. पण ज्यांना अजून चार-पाच वर्षं आहेत त्यांनी येत्या रविवारपासून एक काम धरा: रात्रशाळेत गणित शिकवा, गावच्या सोसायटीचे हिशेब पाहा, बचत गटाच्या बायकांना बँकेचे अर्ज भरून द्या. पदाची पाटी नसताना, पगार नसताना ते काम वर्षभर टिकतं का, हे नोकरीत असतानाच कळू द्या. नाही टिकलं तर दुसरं धरायला अजून वेळ आहे.